सुमनताईंनी नापास केलेली अंगठी

सुमनताई आमच्या कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला आहेत आणि मी डिस्पॅचला. त्यांनी पास केलेला माल मी गाडीत भरायचा आणि त्यांनी नापास केलेल्या मालाबद्दल साहेबांची बोलणी मी खायची, अशी आमची कामाची वाटणी चौदा वर्षं सुखाने चालू आहे. माझं नाव समाधान, पण घरात आणि कंपनीत त्या नावाचा काही उपयोग झालेला नाही. कंपनी चाकणला, आम्ही दोघं सांगवीला एकाच गल्लीत. कंपनीची बस फाट्यावरून पकडायची, दीड तास जायला, दीड तास यायला. एवढा वेळ माणूस स्वतःच्या बायकोशी बोलत नाही. त्यामुळे ताईंच्या आयुष्यातलं मला जे माहीत नाही ते फारसं महत्त्वाचं नसावं.

ताई मूळच्या औशाकडच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा नवरा, म्हणजे सोनबा, एका शाळेची बस चालवत होता. अजूनही तीच शाळा, बस तेवढी बदलली. ताईंना कंपनीत पॅकिंगला घेतलं होतं. तयार भाग तेलकट कागदात गुंडाळायचे आणि पेटीत ठेवायचे. आम्ही बनवतो ते गाडीचं पुढचं चाक ज्यावर वळतं ते पोलादी धूड. ते तुटलं तर गाडीतल्या माणसाला ‘तुटलं’ म्हणायलाही वेळ मिळत नाही. तर ताई गुंडाळता गुंडाळता काही भाग बाजूला ठेवायला लागल्या. सुपरवायझरने विचारलं की हे काय, तर म्हणाल्या, ह्याला तडा हाय. सुपरवायझरने सांगितलं की तुमचं काम गुंडाळायचं आहे, बघायचं नाही. ताईंनी ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवतच राहिल्या.

पुढे गिऱ्हाईक कंपनीचा एक ऑडिटर आला. त्याने इन्स्पेक्शनवाल्यांची परीक्षा घ्यायला तीस भाग मांडले, त्यात सहा मुद्दाम खराब मिसळलेले. साहेबांनी गंमत म्हणून ताईंनाही उभं केलं. ताईंनी सात काढले. ऑडिटर हसला, साहेबही हसले, कारण साहेबांना ऑडिटर हसला की हसावंच लागतं. ताई म्हणाल्या, कापून बघा. सातवा कापला. आत केसासारखी चीर. दुसऱ्या दिवसापासून ताई इन्स्पेक्शनला. तेव्हापासून काळ्या पडद्याच्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली बसून त्या पोलादात चिरा शोधतात.

हा गुण कंपनीच्या गेटवर उतरवून ठेवता आला असता तर बरं झालं असतं. ताई केळी घेताना घड उलटा करून बघतात. डॉक्टरने लिहिलेल्या चिठ्ठीतली तारीख चुकलेली काढतात. पोरीला, स्वप्नालीला, आलेली नऊ स्थळं त्यांनी परत पाठवली. एक मुलगा दिसायला चांगला, नोकरी चांगली, पण पोह्यांची बशी हातात घेताना त्याने आईकडे बघितलं. ताई बसमध्ये मला म्हणाल्या, “ह्याच्यात रिवर्क होणार न्हाई.”

दहावं स्थळ प्रज्वलचं. ते स्वप्नालीने स्वतःच आणलं होतं, त्यामुळे त्याला परीक्षेतून सूट मिळाली. पोरगा ताथवड्याचा, आयटीत. बाप रंगराव. रंगरावांची जमीन ताथवड्यात होती, मग तिच्यावर टॉवर उभे राहिले आणि रंगराव त्या टॉवरकडे बघत बघत म्हातारे होत चालले होते. माणूस मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा, गळ्यातली साखळी बैल बांधता येईल अशी. त्यांनी पहिल्याच बैठकीत जाहीर केलं की देणंघेणं काही नको, उलट साखरपुड्याला सुनेच्या बोटात हिऱ्याची अंगठी ते स्वतः घालणार.

“आन् हिरा साधा न्हाई,” ते म्हणाले. “व्हीव्हीएस. आमच्या घरात दुसरा चालत न्हाई.”

सोनबाने मान डोलावली. त्याला वाटलं ही एखादी बँक असावी. ताईंनी विचारलं की व्हीव्हीएस म्हणजे काय. रंगराव थोडे गडबडले, मग म्हणाले, व्हेरी व्हेरी स्पेशल. प्रज्वलने छताकडे बघितलं.

पुढच्या रविवारी सगळ्यांनी अंगठी बघायला दुकानात जायचं ठरलं. बघायला म्हणजे कौतुक करायला. ताईंना ‘बघायला या’ म्हणणं किती धोक्याचं आहे हे फक्त मला माहीत होतं आणि मी तिथे नव्हतो.

सोमवारी बसमध्ये ताई म्हणाल्या की हिऱ्यातलं त्यांना काही कळत नाही आणि न कळणाऱ्या मालासमोर उभं राहायची त्यांना सवय नाही. आमच्या टूलरूममध्ये अजिम आहे. त्याचे वडील, वजीरचाचा, पन्नास वर्षं दागिन्यांत खडे बसवत आलेत. पिंपरीत बाजाराच्या मागे त्यांची एक खोली आहे, उत्तरेला खिडकी, खिडकीखाली बाक. मोठमोठ्या पेढ्यांचे हिरे या खोलीत सोन्यात बसतात आणि मग पेढीत जाऊन मखमलीवर बसतात. फर्स्ट शिफ्ट सुटली की ताई तिकडे जायला लागल्या. सहा दिवस गेल्या. मी दोनदा बरोबर होतो.

पहिल्या दिवशी चाचांनी चिमट्यात एक हिरा धरला आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग ताईंच्या डोळ्याला लावायला दिलं. ताईंनी अर्धा तास बघितलं आणि सांगितलं की आत उजवीकडे धुकं आहे. चाचांनी हिरा कापडाने पुसला. धुकं गेलं. ते ताईंच्याच बोटाचं तेल होतं. चाचा म्हणाले की हिऱ्याला बोटाचं तेल लगेच चिकटतं, म्हणून आधी पुसायचं, मग बोलायचं. निम्मी गिऱ्हाइकं हे उलटं करतात.

मग त्यांनी प्रतवारी सांगितली. सगळ्यात वरचा हिरा म्हणजे भिंगातूनही आत काही दिसत नाही. तसला माणसाने आयुष्यात एखादाच बघावा आणि परत ठेवावा. त्याखाली व्हीव्हीएस: काहीतरी आहे, पण ते शोधताना जाणकाराच्याही डोळ्याला पाणी येतं. त्याखाली व्हीएस, थोडं शोधलं की सापडतं. त्याखाली एसआय, भिंग लावलं की दिसतं, नुसत्या डोळ्याला बहुतेक वेळा दिसत नाही. आणि त्याखाली जे आहे ते समोरच्या बाकावरूनही दिसतं.

“म्हणजे हे व्हीव्हीएस हे चांगलेपणाचं नाव न्हाई,” ताई म्हणाल्या.

“नाही बेटी, हे बिघाडाचंच नाव आहे. फार फार थोडा बिघडलेला, एवढाच अर्थ.”

ताईंना ते पटेना. कंपनीत दोनच पेट्या असतात, एक पासची आणि एक लाल रंगाची. इथे सगळा माल कमीजास्त खराब, सगळ्याला नावं, आणि सगळा विकला जातो. त्यांनी विचारलं की तुमच्या धंद्यात स्क्रॅप नसतोच का.

चाचा भिंग पुसत होते. “असतो ना. तो लग्नसराईत विकतात.”

सहा दिवसांत चाचांनी ताईंना आपल्या डबीतले सगळे रद्दड खडे दाखवले. डाग किती आहेत यापेक्षा तो कुठे आहे आणि कसा आहे ते बघ, असं ते सारखं सांगायचे. वरच्या सपाट पैलूच्या बरोबर खाली काळा ठिपका असेल तर तो आरशात दिसल्यासारखा चारी बाजूंना दिसतो, एकाचे आठ होतात. तोच ठिपका कडेला असेल तर हिरा धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या नखीखाली झाकला जातो आणि जन्मात कुणाला कळत नाही. पांढरा पुंजका पसरलेला असेल तर हिरा मळकट पाण्यासारखा दिसतो, कागदावर प्रत कितीही चांगली लिहिलेली असो. आणि पिसासारखी चीर जर कडेपर्यंत आलेली असेल तर तो हिरा बसवणं जोखमीचं, चाचा म्हणाले, कारण नखी दाबली की तिथूनच टवका उडतो. चिरेची गोष्ट ताईंना सांगावी लागली नाही.

शेवटच्या दिवशी चाचांनी एक फार सुंदर खडा दिला. ताईंना आत काहीच सापडेना. चाचा म्हणाले, हलकेच तिरका कर. तिरका केल्यावर आत एक पडदा नारिंगी चमकला, अजून तिरका केल्यावर तोच जांभळट निळा. ही चीर होती, आणि तिच्यात काचेसारखं काहीतरी भरून ती बुजवलेली होती. ताई खो खो हसल्या. आमच्याकडे एक कास्टिंगवाला सप्लायर होता, तो भोकात रंगाऱ्याची लांबी भरून वरून रंग मारायचा. त्याचा अख्खा ट्रक ताईंनी परत पाठवला होता. त्यांना एकदम घरच्यासारखं वाटलं.

रविवारी चिंचवडच्या दुकानात आम्ही सातजण गेलो. रंगराव, त्यांच्या पत्नी यशोदाबाई, प्रज्वल, स्वप्नाली, ताई, सोनबा आणि मी. मला ताईंनी मुलीचा मामा म्हणून नेलं होतं. दुकानदार दत्तूशेठ. रंगरावांच्या घरात तीस वर्षं सगळा दागिना त्यांच्याकडचा. सगळ्यांना कोल्ड्रिंक आलं, यशोदाबाईंना पानसुपारी आली, आणि मग निळ्या मखमलीवर अंगठी आली. वरून इतके दिवे सोडलेले की त्यांच्याखाली खडीसाखरसुद्धा हिरा दिसली असती.

रंगरावांनी अंगठी ताईंसमोर सरकवली. “बघा विहीणबाई. व्हीव्हीएस.”

ताईंनी पर्समधून चष्म्याचं फडकं काढलं, अंगठी पुसली आणि भिंग काढलं. वजीरचाचांनी आपलं जुनं भिंग त्यांना दिलं होतं. सोनबाने आपल्या चपलांकडे बघायला सुरुवात केली ती तिथून निघेपर्यंत.

ताईंनी आधी कागद मागितला. दत्तूशेठने जाड कागदाचं सर्टिफिकेट काढलं, त्यावर सोनेरी शिक्का, हिऱ्याचा नकाशा. ताई म्हणाल्या की व्हीव्हीएस म्हणताय म्हणजे थोडं काहीतरी असायला पाहिजे, मग नकाशात एखादा ठिपका तरी हवा, हा नकाशा तर कोरा आहे. दत्तूशेठ म्हणाले, इतका स्वच्छ आहे की दाखवायला काही नाही. ताई म्हणाल्या की मग तो व्हीव्हीएसच्या वरचा झाला, तुम्ही स्वस्तात विकताय. नंतर त्यांनी विचारलं की कागदावर नंबर आहे तो हिऱ्याच्या कडेवर कोरलेला का नाही, आणि ही तपासणारी लॅब कुठली. लॅब दत्तूशेठच्या मेहुण्याची होती. हे आम्हाला त्या दिवशी कळलं नाही, पण शेठ ज्या वेगाने पाणी प्याले त्यावरून अंदाज आला.

मग ताई अंगठी घेऊन उठल्या. दत्तूशेठ अर्धे उठले. ताई म्हणाल्या की पळून जात नाही, दारात उजेड चांगला आहे. दुकानाच्या दारात, पीएमपीच्या बसगाड्या जातात तिथे, उन्हाकडे पाठ करून सावलीत त्यांनी पांढऱ्या कागदावर अंगठी धरली आणि भिंग लावून हळूहळू तिरकी केली. मी मागेच होतो. त्यांच्या खांद्याकडे बघून मला कळलं. लाल पेटीत भाग टाकायच्या आधी त्यांचा खांदा असाच किंचित खाली येतो.

परत येऊन त्यांनी अंगठी मखमलीवर ठेवली आणि सांगितलं की आत चीर आहे, ती कडेपर्यंत आलेली आहे आणि तिच्यात काहीतरी भरलंय.

दत्तूशेठ हसून म्हणाले, “ताई, तुम्ही कंपनीत असता असं ऐकलं. हा हिरा आहे. नटबोल्ट नाही.”

“नटबोल्टाला मी एवढा वेळ देत न्हाई,” ताई म्हणाल्या. “हे मी पास करणार न्हाई.”

रंगरावांचा चेहरा लाल होत गेला. आता हे नीट समजून घ्या. मुलाचा बाप स्वतःहून, काही न मागता, सुनेला हिरा देतोय, आणि मुलीची आई तो भरल्या दुकानात नापास करतेय. असं ताथवड्यात कधी झालं नव्हतं, औशात झालं नव्हतं, आणि सांगवीत झालं असतं तर मला कळलं असतं. रंगराव एवढंच म्हणाले की आमी तीस वर्सं इथून घेतोय, आमाला काय डोळं न्हाईत व्हय. मग उठून गाडीत जाऊन बसले. यशोदाबाई जाताना ताईंकडे वळून बघत गेल्या, पण त्या बघण्यात राग होता की आणखी काही ते तेव्हा समजलं नाही.

रिक्षात स्वप्नाली म्हणाली, “आई, तू अंगठी नाही, माझं लग्न रिजेक्ट केलंस.” त्यानंतर ती नऊ दिवस आईशी बोलली नाही. साखरपुडा अठरा दिवसांवर होता. हॉलवाल्याचा फोन आला तर काय सांगायचं कुणाला माहीत नव्हतं. प्रज्वल स्वप्नालीला रोज फोन करत होता, पण घरी बाप जेवणाच्या ताटावर बोलत नाही, एवढीच बातमी त्याच्याकडे होती. सोनबा बायकोला काही बोलला नाही, तो फक्त आपली शाळेची बस दिवसातून दोनदा धुवायला लागला.

आणि ताईंनी रजा टाकली. चौदा वर्षांत मी त्यांना रजेवर बघितलेलं नव्हतं. त्यांचा ताप मोजायला आलेल्या नर्सचा थर्मामीटर त्यांनी चुकीचा ठरवला होता, अशा त्या. मी भेटायला गेलो तर गहू निवडत बसल्या होत्या. मी म्हणालो की तुम्ही खरंच बोललात. त्या म्हणाल्या की खरं बोलायला जागा असते, कंपनीत ती जागा जांभळ्या दिव्याखाली आहे, तिथे त्यांना पगार मिळतो. दुकानात त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “पण भावा, चीर होती.” आणि खडे निवडू लागल्या.

दहाव्या दिवशी, मंगळवारी, भरदुपारी सांगवीच्या आमच्या गल्लीत एक रिक्षा आली आणि त्यातून यशोदाबाई एकट्या उतरल्या. हातात स्टीलचा डबा, पोळ्यांचा असतो तसा, फडक्यात बांधलेला. घरात आल्या, दार लावून घ्या म्हणाल्या, आणि डबा उघडला. आत पोळ्या नव्हत्या. कुड्या होत्या, अंगठ्या होत्या, चमकी, एक पदक, लग्नापासून आत्तापर्यंत मिळालेला एकूण एक हिरा. त्यांचं म्हणणं असं की दहा वर्षांपूर्वी एक अंगठी सैल झाली म्हणून सोनाराकडे दिली, त्याने ती आगीवर धरली, आणि परत आली तेव्हा हिरा ताकासारखा पांढरा झालेला. तेव्हा नवऱ्याला सांगितलं तर नवरा म्हणाला, तुझ्याच डोळ्यात काहीतरी आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशनही करून घेतलं. हिरा पांढराच राहिला.

“त्या दिवशी तुमी दारात उभ्या होता ना,” यशोदाबाई म्हणाल्या, “तवा मला वाटलं, आपुन येडं नव्हतो.”

ताईंनी त्यांना चहा दिला आणि सरळ वजीरचाचांकडे घेऊन गेल्या. तिथे खिडकीखाली पांढऱ्या कागदावर नऊ डाग मांडले. डाग म्हणजे दागिने, चाचांची ती बोलायची पद्धत. चाचा आणि ताई आळीपाळीने भिंग लावत होते, यशोदाबाई स्टुलावर ताठ बसल्या होत्या, निकाल लागायचा असल्यासारख्या. पाच दागिने चांगले निघाले. त्यातल्या कुड्या तर चाचांनी परत परत बघितल्या आणि म्हणाले, असं काम आता होत नाही. दोन बरे, सांगितलेल्या प्रतीपेक्षा दोन पायऱ्या खाली. एक ती ताकासारखी अंगठी, चीर बुजवलेली, आगीने आतलं भरण जळालेलं. आणि शेवटचं पदक.

पदक रंगरावांच्या आईने दिलेलं होतं. त्या पदकाची गोष्ट साऱ्या ताथवड्याला पाठ होती. सासूबाईंनी ते सुनेला मुखदर्शनाला दिलं आणि पुढची बावीस वर्षं रोज आठवण करून दिली. भाजीत मीठ जास्त पडलं तरी पदक, माहेरी दोन दिवस जास्त राहिलं तरी पदक. एवढा मोठा हिरा दिलाय तुला, असं त्या मरायच्या आदल्या आठवड्यापर्यंत म्हणत होत्या.

चाचांनी ते पदक भिंगाखाली बराच वेळ धरलं. मग म्हणाले की आत काही डाग नाही, चीर नाही, एकदम स्वच्छ आहे. यशोदाबाईंनी सुस्कारा सोडला. चाचा म्हणाले, काचेत कशाला डाग असेल.

यशोदाबाईंच्या पोटातून हसू वर यायला लागलं. पदर तोंडावर धरला तरी थांबेना. स्टुलावरून उतरून त्या फरशीवर बसल्या आणि हसत राहिल्या, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा ते हसण्याचं आहे की बावीस वर्षांचं, हे विचारायची हिंमत ताईंना झाली नाही. चाचांची बायको जमिलाचाची आतून पाणी घेऊन आली आणि काय झालं हे न कळताच तीही हसायला लागली.

त्या संध्याकाळी यशोदाबाईंनी काय केलं ते प्रज्वलने स्वप्नालीला सांगितलं आणि स्वप्नालीने, नऊ दिवसांची कट्टी मोडून, आईला. यशोदाबाईंनी जेवायच्या वेळी ताटाशेजारी पदक ठेवलं आणि नवऱ्याला सांगितलं. रंगरावांनी भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांनी विचारलं की आईला माहीत असेल का गं. यशोदाबाई म्हणाल्या की फोटोला भिंग लावून बघा. रंगराव हसले नाहीत, पण त्यांनी भात घेतला, आणि दहा दिवसांत पहिल्यांदा दुसऱ्यांदाही घेतला.

दुसऱ्या दिवशी ते सांगवीला आले. ताई रजा संपवून फर्स्ट शिफ्टला गेल्या होत्या, म्हणून ते सोनबाशेजारी दोन तास बसून राहिले. दोघं एकमेकांशी काय बोलले ते दोघांनाही आठवत नाही. ताई आल्यावर रंगरावांनी माफी वगैरे मागितली नाही, तसला तो माणूस नाही. ते म्हणाले, “विहीणबाई, चला. आता तुमी बोलायचं आन् मी गप बसायचं.”

दत्तूशेठकडे परत जाताना बरोबर वजीरचाचा होते. चाचांना बघून शेठने खुर्ची स्वतः ओढली, कारण शेठचेही निम्मे खडे चाचांच्याच खिडकीखाली बसले होते. फार बोलणं झालं नाही. शेठ म्हणाले की तो माल एका दलालाकडून आला, त्यांनाही कल्पना नव्हती. चाचांनी विचारलं की मेहुण्यालाही नव्हती का. शेठने अंगठी परत घेतली, ताकासारखी अंगठीही बदलून द्यायचं कबूल केलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं की नाही, यावर आमच्या बसमध्ये अजून दोन पक्ष आहेत. ताई तिसऱ्या पक्षात आहेत. त्या म्हणतात, तीस वर्षं भिंग हातात असून ज्याला दिसत नाही त्याला माहीत होतं की नव्हतं याने काय फरक पडतो.

नवा हिरा दुसऱ्या दुकानातून घेतला. चाचांनी अट घातली की हिरा सुटा बघायचा, सोन्यात बसवलेला नाही, कारण सोनं खूप काही झाकतं. बाहेरच्या, दुकानाशी नातं नसलेल्या लॅबचे कागद, नकाशात ठिपके दाखवलेले, कडेवर नंबर कोरलेला. पांढऱ्या कागदावर चार हिरे ठेवले. ताईंनी चारही बघितले आणि दोन पुढे केले. एक व्हीव्हीएस. दुसरा त्याच्यापेक्षा मोठा, जास्त झळझळीत, पण एसआय. त्यात कडेला एक छोटा काळपट ठिपका होता, चीर एकही नाही.

रंगराव गप्प बसायचं ठरवून आले होते. ते साधारण चार मिनिटं टिकलं. मग म्हणाले की माझ्या सुनेला डागवाला हिरा, लोक काय म्हणतील. ताईंनी त्यांना भिंग दिलं आणि डाग शोधा म्हणाल्या. रंगरावांनी श्वास रोखून, एक डोळा मिटून, मग चुकून दुसराही मिटून, बराच वेळ प्रयत्न केला. शेवटी दुकानातल्या माणसाने सुईने जागा दाखवली. ताई म्हणाल्या की तिथेच नखी येईल, ठिपका तिच्याखाली जाईल, आणि लोक भिंग घेऊन पंगतीला बसत नाहीत.

ठरेना. तेव्हा स्वप्नाली, जी इतका वेळ फोनमध्ये होती, म्हणाली की बोट माझं आहे, मला बघू दे. तिने दोन्ही हिरे बघितले, आधी भिंगातून, मग हात लांब करून नुसते. मग तिने मोठा उचलला. प्रज्वलने विचारलं, हाच का. ती म्हणाली की हा ओळखायला सोपा आहे. उद्या अंगठी धुवायला दिली आणि कुणी हिरा बदलला तर तिला कळेल, ठिपका कुठे आहे हे तिने बघून ठेवलंय, नखीखाली गेला तरी अंगठी उलटी करून भिंगातून तिला तो सापडेल. दुसऱ्यात धरायला काही खूणच नाही.

ताईंनी पोरीकडे बघितलं. मी एवढी वर्षं त्यांना ओळखतो, पण पास केलेल्या मालाकडे त्या अशा बघताना मी कधी बघितलं नव्हतं. मग त्यांनी भिंग पुसून पर्समध्ये ठेवलं. आमच्या कंपनीतला एक नवा मॅनेजर आहे, त्याने ही सगळी हकीकत ऐकून जेवणाच्या सुट्टीत सांगितलं की माणसंही हिऱ्यांसारखीच असतात, थोडे डाग असायचेच. ताई म्हणाल्या की माणसांचं त्यांना माहीत नाही, पण कालच्या लॉटमध्ये अकरा भाग चिरलेले आहेत, त्यांचं काय करायचं ते साहेबांनी सांगावं.

साखरपुडा ठरल्या तारखेलाच झाला. हिरा वजीरचाचांनी बसवला, ठिपका नखीखाली गेला, आणि पंगतीत बायकांनी अंगठी हातात घेऊन घेऊन बघितली. एकीने विचारलं, व्हीव्हीएस का. यशोदाबाई लगेच म्हणाल्या, न्हाई, एसआय, आमच्या विहीणबाईंनी निवडलाय. त्या आवाजावरून विचारणारीला वाटलं एसआय ही वरची प्रत असावी. यशोदाबाईंच्या गळ्यात त्या दिवशी ते काचेचं पदक होतं. मी विचारलं तर म्हणाल्या की आता हलकं वाटतं.

हल्ली रविवारी ताईंना कुणी ना कुणी हिरा बघायला घेऊन जातं. त्या चहाशिवाय काही घेत नाहीत. एक बाई रडत आली होती की नवऱ्याने दिलेल्या कुड्यांत डाग आहे. ताईंनी आधी कुड्या पुसल्या आणि परत दिल्या.

रंगरावांचं मात्र बिघडलं. त्यांनी स्वतःचं भिंग घेतलं. ते भिंग गळ्यातल्या त्या साखळीलाच अडकवलेलं असतं. सून घरी आली तसं त्यांनी तांदूळ, चष्म्याच्या काचा, टॉवरच्या लिफ्टची बटणं, सगळं भिंगाखाली घातलं. गेल्या महिन्यात त्यांच्या भावकीतल्या एका लग्नात, देहूरोडच्या हॉलमध्ये, नवरदेवाच्या बापाने अंगठी दाखवायला हात पुढे केला आणि रंगरावांनी तो हात तसाच धरून ठेवला. वरच्या दिव्याखाली तिरका केला. पुढे काय होणार हे ताईंना दुरूनच कळलं. त्या पंगतीतून उठल्या, हातात जिलबीची वाटी तशीच, आणि रंगरावांच्या कानाशी जाऊन म्हणाल्या, “पाव्हणं, इथं आपल्याला पगार न्हाई. चला, बासुंदी संपायला आली.”

रंगराव हात सोडून निघाले, पण जाता जाता मागे वळून त्या माणसाला एवढं म्हणालेच की, ती अंगठी आगीपासनं जपा. ताईंनी त्यांना जेवायला बसवलं. बासुंदी खरंच संपली होती.